पाटीवरचं गंध

जुन्या स्पीकरच्या जोडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला मॉडेल आणि साल हवं होतं, म्हणून मी मागची पाटी ओल्या फडक्यानं पुसायला घेतली. गंधाचा थर भिजला आणि चंदनाचा वास आला.

वेस्ट मांबलमच्या घरातली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आठवली. शेजारच्या तमिळ मामींचं बघून बाबाही पंख्याला, मिक्सरला गंध लावायचे. स्पीकरच्या जाळीला डाग नको, म्हणून तिथं मात्र मागच्या पाटीवर.

"अहो, नाव झाकलं जातंय," आई म्हणाली.

"जाऊ दे. आपल्याला विकायचेत कुठे?" म्हणत बाबांनी कुंकू टेकवलं आणि मोठ्यानं भजन लावलं.

पाटीवरचं पहिलं अक्षर दिसू लागलं होतं. मी फडकं ठेवलं आणि गिऱ्हाइकाला कळवलं, "मॉडेल कळलं नाही. आणि आम्हाला विकायचेत कुठे?"