खिळ्यावरची पट्टी

वारा सुटला की गोठ्याचं फाटक कुरकुरतं. कडीच्या जागी बांधलेली लोखंडी पट्टी खांबावर घासते आणि मी हातातलं काम सोडून तिकडे बघत राहतो.

दादा पॅकिंगची पट्टी कधी फेकायचा नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचे गठ्ठे आले की त्यांच्या पट्ट्या सोडवून, वेटोळी करून खिळ्याला अडकवायचा. "असू दे, लागते," म्हणायचा. कशाला लागेल, हे माणसाला आधी कुठे ठाऊक असतं?

तो गेला त्या दिवशी तिरडी बांधताना सुतळी कमी पडली. कोणीतरी खिळ्यावरची पट्टी आणली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती माझ्या बोटांना लागली. काळी पडलेली, पण अखंड. मामा म्हणाले, "नदीत सोड." माझ्या हातांनी सवयीनं तिचं वेटोळं केलं. स्मशानातलं काही घरी आणू नये, हे ठाऊक असूनही मी ती त्याच खिळ्याला अडकवली.

गेल्या आठवड्यात फाटकाची कडी तुटली. वहिनीनं ती पट्टी काढून फाटक बांधलं. "भावजी, ह्यांनी ठेवलेली कामाला आली बघा. बाकीच्या हाताला चावतात, ही किती मऊ आहे."

लोखंड आगीतून निघालं की मऊ पडतं, हे मी तिला सांगितलं नाही.

नवी कडी मी कधीच तयार करून ठेवली आहे. पण ती बसवायची तर पट्टी सोडावी लागेल, आणि सोडलेली पट्टी वहिनी पुन्हा जपून खिळ्याला अडकवेल.