कुत्र्यासाठी ठेवलेली घोंगडी

आमचं कुत्रं लांडग्यावर सरळ धावून जायचं, पण फटाका वाजला की त्याचं पाणी पाणी व्हायचं. एवढं थोराड, मेंढरं राखणारं जनावर, आन् गल्लीतल्या पोरांनी पोटाशची नळी दगडावर आपटली की शेपूट पोटात घालून कापत बसायचं. नाव मोठं लक्षण खोटं, म्हणून माझी जाऊ हसायची. मला हसू येत न्हवतं. कुत्रं माझ्या धन्याचं होतं. निजामाचं राज होतं तवा. धनी हैदराबादेला मजुरीला गेला, आन् जाताना मला दोनच गोष्टी बोलला. कुत्र्याकडं बघ म्हणाला, आन् दिवाळीला येतो म्हणाला. कोणत्या दिवाळीला, ते मी इचारलं न्हाई. चूक माझीच.

पहिल्या दिवाळीला तो आला न्हाई. पाटलाच्या गढीपुढं उखळी तोफेचा बार उडाला आन् कुत्रं दावं तोडून जे पळालं, ते चौथ्या दिवशी लंगडत घरी आलं. मधले तीन दिवस मी माळामाळानं हिंडले. पार शिरड शहापूरच्या वाटेपर्यंत गेले, दिसंल त्याला इचारलं. पोटात एकच भेव होतं. उद्या धनी दारात उभा राहिला आन् माझं कुत्रं कुठंय म्हणाला, तर कोणत्या तोंडानं सांगू? मला लेकरू न्हवतं. त्याचं म्हणून माझ्याकडं सांभाळायला तेवढंच होतं.

दुसऱ्या साली मी शहाणी झाले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याला दुपारपासून मेंढरांमागं पळवून पळवून दमवलं. दिवस असतानाच दुधात भाकर कुस्करून पोटभर चारली. मग आतल्या बिनखिडकीच्या खोलीत नेलं, दाराच्या फटीला लोकरीची पोती लावली आन् मी जात्यावर बसले. जात्याची घरघर झाली की बाहेरचा आवाज निम्मा मरतो. जाऊ बाहेरून म्हणाली, "सणासुदीचं काहून दळून राहिली गं? पीठ संपलं का नवरा?" बाया हसल्या. मी दळत राहिले. हसणाऱ्याचे दात दिसतात, म्हणलं, दिसू द्या.

तरी कुत्रं कापायचं थांबंना. मग त्यानंच उठून खुंटीवरची धन्याची घोंगडी दातानं ओढून खाली पाडली. तिच्यात नाक खुपसलं, आन् बाहेर गढीवर फटाक्यांच्या माळा तडतडत असताना गप झोपी गेलं. मी बघतच राहिले. धनगर घोंगडी टाकून जात न्हाई, ठेवून गेला म्हणजे येणारच, असं सगळे म्हणायचे. मीबी तेच धरून बसले होते. खरं सांगायचं तर कुणी नसलं की मीबी त्या घोंगडीला नाक लावायचे. तंबाखूचा, मेंढरांचा आन् त्याच्या घामाचा वास होता तिला. आता म्हातारपणी सांगायला लाज कशाची?

तिसऱ्या साली मला घोर न्हवता. कुत्रं कसं सांभाळायचं ते मला बराबर कळलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याला दमवून माळावरून घरी आणलं, आन् बघते तर घोंगडी बाहेर काट्यांच्या कुपाटीवर वाळत घातलेली. सासू तिथंच बसली होती. रिठ्याच्या पाण्यानं तिचे हात पांढरे पडले होते. घोंगडी कुणी सालोसाल धूत न्हाई, पण मी मेंढरांमागं माळावर असताना तिनं दोन दिवस भिजवून, नाल्यावर नेऊन, दगडावर आपटून धुतली होती.

"बाजारात एक माणूस म्हणला, त्यानं हैदराबादेत त्याला बघितलंय," सासू म्हणाली. "दिवाळीला येऊन राहिला म्हणे. माझं पोरगं मळकी घोंगडी पांघरंल का?"

माझ्या तोंडात काय काय आलं होतं! पण तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी राग गिळला. तिचं पोरगं होतं ते. "बरं केलं, आत्या," मी म्हणाले.

दिवेलागण झाली तरी वाटेवर धनी दिसला न्हाई. मी कुत्र्याला आत घेतलं, पोती लावली, घोंगडी त्याच्यापुढं टाकली. जात्याला हात घातला तोच उखळीचा बार उडाला. कुत्रं ताडकन उठलं आन् घोंगडीत तोंड घातलं. ही बाजू हुंगली, ती बाजू हुंगली, पंजानं उलटीपालटी केली. रिठ्याशिवाय तिला कसलाच वास न्हवता. आता हे दार फोडून जातंय, पार अंधाऱ्या माळावर हरवतंय, असं मला वाटलं. मी जातं सोडलं आन् दाराला पाठ लावून बसले. म्हणलं, माझ्यावरून जावं लागंल तुला.

दुसरा बार उडाला. कुत्र्यानं घोंगडी सोडली आन् ते माझ्याकडं आलं. माझ्या पदरात नाक खुपसलं, माझाच वास घेतला, आन् मांडीवर डोकं टाकलं. घडीभर कापत होतं. मग त्याचा श्वास संथ झाला. तिसरा बार उडाला तवा त्यानं कान हलवला, डोळा उघडला न्हाई.

तीन सालं मी हेच मागत होते, कुत्रं निवांत राहावं. आता ते निवांत झालं होतं, आन् मला तर रडू फुटलं. माझ्यासंगं धन्याची वाट बघणारं घरात ते एकच होतं, आन् आता तेबी त्याच्या वासाबिगर झोपलं होतं. सासू बघायची, पण त्या दिवसापर्यंत आमी दोघी एकमेकींशी त्याचं नाव काढत न्हवतो. कुत्र्याशी मी रोज बोलायचे.

सासूनं दार लोटून आत बघितलं. "झोपलं का?"

"व्हय."

"मग तू काहून रडून राहिली?"

मी कुत्र्याच्या डोक्यावरचा हात काढला न्हाई. "आता त्याला घोंगडी लागत न्हाई, आत्या," मी म्हणाले.

ती दारातच खाली बसली. त्या दिवाळीला आमी दोघींनी पहिल्यांदा एका ठिकाणी बसून रडून घेतलं.