मधली सीट

बाई गेली त्या सकाळी मी फुलसावंगीच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होतो. फोन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पिशवीत होता. एकदा वाजून बंद पडला, पुन्हा वाजायला लागला, तेव्हा जाऊन उचलला. पुसदहून बाईच्या शेजारच्या वंदनाताई बोलत होत्या. "भाऊ, लवकर या. बाई उठून नाही राह्यल्या." मी विचारलं, "उठून नाही राह्यल्या म्हणजे?" त्यावर त्या नुसत्या रडल्या. मी पुसदला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, असं जो तो म्हणत होता. खरं सांगायचं तर कुणाला त्रास न देता बाईनं आयुष्यात फारसं काही केलं नव्हतं. मला तर तिनं वर्षानुवर्षं प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. महिना होत आला, कुणी काही विचारत नाही, आणि ते सहन होत नाही म्हणून लिहायला बसलो आहे.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण शेवंता. आम्ही तांड्यावरची माणसं. वडील लवकर गेले, थोडी जमीन आणि आम्ही दोघं भावंडं एवढंच आईजवळ उरलं. बाई शिकली, पुसदला मुलींच्या शाळेत शिवणाची शिक्षिका झाली आणि तिच्या पगारावर मी शिकलो. पुढं मी हवाई दलात गेलो, मालवाहू हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनिअर झालो. त्या रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरमध्ये दोन पायलट पुढं बसतात आणि त्यांच्या मधात, जरासा मागं, फ्लाइट इंजिनिअर. इंजिनांचे काटे बघणं, डोक्यावरची बटणं सांभाळणं हे त्याचं काम. पण हे आमच्या याडीला कसं सांगायचं? याडी म्हणजे आमच्या गोर, म्हणजे बंजारा, बोलीत आई. तिनं हेलिकॉप्टर एकदाच पाहिलं होतं, निवडणुकीच्या सभेला आलेलं, तेही लांबून. आपला लेक त्याच्या उघड्या दारात दांडी धरून उभा असतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दर सुट्टीत ती मला खोदून खोदून विचारायची, तुला बसायला जागा देतात की नाही... आणि माझं उत्तर ऐकून तिचं समाधान झालेलं कधी दिसलं नाही.

म्हणून एका सुट्टीत नागपूरहून मी त्याच हेलिकॉप्टरच्या प्लास्टिकच्या मॉडेलचा खोका आणला. सुटे भाग जोडायचं काम साहजिकच बाईकडे गेलं. तिनं आधी पुढचा भाग उघडला. आत दोन सीटा, समोरच्या घड्याळांच्या जागी छापील स्टिकर, बाकी सगळं मोकळं.

"हे दोघं पायलट. अन् तू कुठं बसते?"

"मधात."

"मधात त काहीच नाही."

"देल्ली नसन त्यायनं. खेळण्यात एवढं कोण पाहते?"

बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती सीट खाऊन टाकली होती. "तिच्या लेकाची जागाच नाही यात, अन् हे मी याडीले दाखवू?" त्याच दुपारी तिनं मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून नखाएवढी सीट कापली, काळी रंगवली, मधोमध बसवली. याडीनं मॉडेल मांडीवर घेतलं, बराच वेळ आत बघितलं आणि पहिली शंका काढली, की हिला पाठ का नाही, पोरगा टेकतो कशाला? बाईनं मला जाब विचारला. पाठ आहे, पण बुटकी, दुमडता येते, असं मी कबूल केल्यावर सीट पुन्हा उपटली गेली. दुसऱ्या दिवशी पाठीसकट सीट आली, कंबरपट्टाही आला. त्यानंतर याडीनं मला तो प्रश्न कधी विचारला नाही. ती गेली तेव्हा ते मॉडेल तिच्या उशाशी होतं.

पण बाईला त्या कॉकपिटनं जे धरलं ते धरलंच. तिनं आणखी मोठ्या मापाचं मॉडेल मागवलं. त्यातलं एकेक घड्याळ मोहरीएवढं. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक म्हणजे काच, जुन्या वायरीतली तांब्याची तार म्हणजे बटणांचे दांडे, साडीच्या फॉलची कडा म्हणजे सीटचे पट्टे. मी नोकरीत होतो, सगळंच सांगता येत नसे. "बाई, नोकरीचा मामला हाय," म्हटलं की ती चिडायची. "असं कोणतं गुपित हाय रे तुह्या खुर्चीत? पुस्तकात फोटो छापून येते, अन् तू मोठा आला लपवणारा!"

सगळ्यात मोठा वाद झाला तो आतल्या रंगाचा. त्या कॉकपिटचा आतला रंग मोठा चमत्कारिक. मी म्हणायचो हिरवट, पुस्तकात दिसायचा निळा. शेवटी ती मला पुसदच्या बाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये घेऊन गेली. भिंतभर ब्लाउजपीस, दुकानात सगळ्या बायका आणि मधात मी.

"कोणत्या साडीवर पाहिजे ताई?" दुकानदारानं विचारलं.

"साडीवर नाही, हेलिकॉप्टरवर."

त्यानं मागच्या भिंतीवर नजर फिरवली. "ती व्हरायटी आपल्याकडं नाही आली अजून."

बाईनं त्याला समजावलं नाही. कापडं उलगडायला लावली. मोरपंखी, रामा, समुद्री... काउंटरवर ढीग झाला. मी मान खाली घालून एकावर बोट ठेवलं. "हा. पण जरासा मळलेला."

"मळलेला म्हणजे कितीक धुण्यानंतरचा?" तिनं गंभीरपणे विचारलं.

तो तुकडा तिनं घेतला, रोज धुतला, गच्चीवर उन्हात वाळवला आणि रोज मला दाखवला. सुट्टी संपत आली त्या दिवशी मी म्हटलं, "आता हुबेहूब." मग त्या कापडाला धरून तिनं रंग कालवला. आमच्या युनिटमधल्या पायलटांना मी त्या मॉडेलचा फोटो दाखवला, तेव्हा निखिल नावाचा आमचा तरुण को-पायलट खो खो हसून म्हणाला होता, "तुमच्या ताईंना सांगा, वास तेवढा राहिला!"

निखिल अमरावतीचा. गावाकडची बोली बोलायला मिळते म्हणून माझ्या मागेमागे असायचा. डोंगरात एकदा अचानक ढग खाली आले, उतरायला जागा शोधताना आमचं हेलिकॉप्टर उजव्या अंगावर आदळलं. उजवीकडं निखिल बसला होता. तो गेला. मी माकडहाड आणि पाय मोडून घेऊन परत आलो, पुढं नोकरी सोडून फुलसावंगीला शेती बघायला लागलो. पुसदला बाईकडे जायचो, पण तिच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायचो नाही. मॉडेल तिथंच होतं. मी येणार असलो की बाई त्यावर टॉवेल टाकून ठेवायची. आम्ही दोघंही त्या टॉवेलबद्दल बोलत नव्हतो.

दोन पावसाळे तसेच गेले. मग एकदा मी स्वयंपाकघरात चहा पीत बसलो असताना तिनं पुढच्या खोलीतून हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. "बापू, उजव्या सीटचे पट्टे कसे ठेवू? लटकते ठेवू, का सीटवर टाकू?"

मी उठून निघून जाणार होतो. पण तिचा प्रश्न चुकीचा होता, आणि चुकीचं मला ऐकवेना. "लटकते नाही," मी म्हटलं. "उतरताना तो दोन्ही पट्टे सीटवर फुली करून ठेवे. बाकी कोणीच नाही ठेवत. तोच."

"फुली म्हणजे डावा वर का उजवा?"

मी कप ठेवला आणि पुढच्या खोलीत गेलो. टॉवेल बाजूला होता. बाईनं मान वर केली नाही, चिमट्यात पट्टा धरून ती वाट बघत होती. "उजवा वर," मी म्हटलं. तिनं तसा ठेवला. "अन् त्याच्या बाजूच्या दाराले काही होतं?" होतं. नकाशाचा कप्पा होता आणि निखिल त्यात लिमलेटच्या गोळ्या ठेवायचा, उड्डाणाआधी एक मला द्यायचा... मी बोलत गेलो. त्याचं हसणं, त्याचं गाणं, शेवटचं तो काय बोलला ते. आजवर चौकशीतल्या साहेबांनाच तेवढं सांगितलेलं. बाईनं धीर दिला नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. मध्येमध्ये नुसतं विचारायची, "कप्पा चामड्याचा का कापडाचा?" आणि हात चालू. बाहेर अंधार पडला तेव्हा कप्पा दाराला चिकटला होता आणि मी लहान पोरासारखा रडून मोकळा झालो होतो.

"अमरावतीले गेलता का कधी?" तिनं विचारलं.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"याच तोंडानं. मी येतो संगं."

एसटीनं गेलो. मॉडेल बाईच्या मांडीवर, खड्डा आला की ती दोन्ही हातांनी खोका उचलून धरायची. निखिलच्या वडिलांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. बाईनं खोका उघडून टेबलावर ठेवला आणि सरळ म्हणाली, "तुमचा लेक इथं बसे, दादा. पाहून घ्या." ते वाकले. उजव्या सीटजवळ बोट नेलं. मग विचारलं, "हे पट्टे असे?"

"तो असेच ठेवायचा, काका. उजवा वर."

"दप्तराचे पट्टेही असेच ठेवे तो," ते म्हणाले. "दारात फुली करून. मी रोज ओरडे त्याच्यावर."

निखिलच्या आईनं चष्मा लावून दाराचा कप्पा पाहिला. "गोळ्या कायच्या केल्या व बाई?"

"खसखस हाय ताई. पिवळी रंगवली."

त्या हसल्या, मग हसता हसताच रडायला लागल्या, आणि बाई त्यांच्याजवळ सरकून बसली. आम्ही तिथंच जेवलो. निघताना बाईनं खोका उचलला नाही. बसमध्ये मी म्हटलं, एवढ्या वर्षांचं काम देऊन आलीस. ती म्हणाली, "आता पाठ झालं. दुसरं होईन लवकर." ते लवकर झालं नाही, तिचे डोळे आता थकले होते. पण सुरू होतं, प्रश्नही सुरू होते.

निखिलचे आईवडील तेराव्याला आले होते. आता ते गेले, पाहुणे गेले, बाईचं अर्धवट राहिलेलं दुसरं मॉडेल आणि बारीक सामान मी डब्यांत भरून कपाटात ठेवलं. तिच्या त्या खोलीत एक नियम होता. काम चालू असताना पंखा लावायचा नाही, पुसदच्या मे महिन्यातही. कागदाचा कपटा, तारेचा तुकडा उडाला तर शोधणार कोण? भेटायला येणारे घाम पुसत बसायचे आणि ती आपली वाकलेली. परवा वंदनाताई आल्या, बाईच्या खुर्चीत टेकल्या, उकाड्यानं हैराण होऊन त्यांनी पंख्याच्या बटणाकडं हात नेला. टेबल रिकामं होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, राहू द्या..." त्यांनी टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. मग आम्ही दोघंही पदर-रुमालानं वारा घेत तसेच बसून राहिलो.