वाघ आला तर करायची खूण

समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या अंगणवाडीतली सर्वांत धोकादायक व्यक्ती चार वर्षांची असून तिला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही.

असंच काहीसं ठरवून पालक त्या सकाळी अंगणात जमले होते. मी तिथली सेविका, म्हणजे आरोपीची वकील. त्या पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. येडगाव धरणाच्या पाण्यावरचा ऊस आमच्या भिंतीला येऊन टेकलेला, आणि उसात बिबट्या. गावात त्याला वाघच म्हणतात. वाघ दिसला की ओरडायचं आणि पळायचं, हा आमचा बंदोबस्त. ओरडणं हिला ऐकू जाणार कसं?

"तिच्यापायी बाकीची पोरं अडकत्याल," एका मुलाचे आजोबा म्हणाले. "बाई, उद्यापास्नं तिला घरीच ठिवा."

पोरीच्या आईनं लेकीचं दप्तर उचलून काखेत धरलं. एकदा घरी बसवली की ही कायमची घरीच बसणार.

मी सांगायला लागले, की पंधरा दिवस आम्ही खूण घोटवतोय : दोन्ही हात डोक्यावर, मग ज्याला जो नेमून दिलाय त्या जोडीदाराचा हात धरून आत. आजोबांनी पाठच फिरवली. फाटकाकडं तोंड करून, तंबाखू मळत त्यांचं भाषण सुरू राहिलं.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी किंचाळलं, "वाघ! वाघ आला!"

ऊस हलला. एरवी गावभर ऐकू जाणारा माझा आवाज घशातच अडकला. हात मात्र डोक्यावर गेले. समोर मुलांचे हात वर. तिचेही. जोडीतल्या पोरानं तिला ओढलं की तिनं त्याला, देव जाणे. मुलं आत, पालक मागोमाग, दार बंद. मी डोकी मोजली. सगळी होती. तरी परत मोजली.

मग खिडकीतून पाहिलं, तर फाटकापाशी आजोबा एकटेच.

"ती भाईर ऱ्हाईल, सांगून ठिवतो!" भाषण चालूच.

आम्ही खिडकीतून हाका मारमारून घसे फोडले. ते ढिम्म. शेवटी पोरीची आईच धावली आणि दंडाला धरून त्यांना ओढत घेऊन आली. ऊस अजून हलत होता.

"आजोबा, किती ओरडलो आम्ही!" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

घामाघूम झालेले आजोबा एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या पोरांकडं बघत राहिले. मग एकदम भडकले :

"आरं, मग मला कुनी जोडीदार का न्हाई दिला?"