वाजवून घेतलेली होडी

बजाजनगरच्या बन्सीचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं, आणि रास्तच होतं. एकट्यानं जाऊन बघायची होडी, पण तिच्यासाठी सिल्लोडचा मेव्हणा अप्पाराव, मुलगा शिवराज आणि बायको आवडाबाई असं वऱ्हाड जीपमध्ये बसून थेट रत्नागिरीला आलं होतं. आमच्याकडं बैल असो की सोयरीक, बघायला एकटा माणूस जात नाही.

वाळूजच्या कारखान्यात बन्सीनं बत्तीस वर्षं एकच काम केलं. लोखंडाचे ओतीव भाग हातोडीनं वाजवायचे आणि आवाजावरून आतली चीर ओळखायची. मध्ये सहा महिने कंपनीनं गोव्याला धाडलं, तिथं एका कोळ्यानं त्याला शीड बांधायला शिकवलं आणि वेड लावलं. निवृत्त झालो की झोपण्यापुरती खोली असलेली जुनी शिडाची होडी घ्यायची, नवरा-बायकोनं खाडीखाडीनं हिंडायचं. घरचे पोटभर हसले. शेवटी शिवराजनं अट घातली: आज होडी जमली तर जमली, नाहीतर पैसा फुलंब्रीच्या प्लॉटला.

परवडतील अशा दोनच होड्या तिथं होत्या. एक ताज्या रंगानं पांढरीशुभ्र, दुसरी उन्हानं पिवळी पडलेली, ठिगळाच्या शिडाची. बन्सी पिशवीतून हातोडी काढतोय तोवर अप्पारावानं पांढरीच्या नाकाशी नारळ फोडून कुंकूही लावलं. बैल पारखण्यात सगळा तालुका त्याचा शब्द मानायचा.

"नारळ फुटला दाजी, सौदा झाला!"

 बन्सी पांढरीच्या अंगावर हातोडी वाजवत निघाला. टण, टण, आणि खाली पाण्यात बुडणाऱ्या भागाशी आल्यावर भद्द. पुन्हा भद्द. फायबरच्या थरांत पाणी शिरून ते आतून सुटले होते.

"ओ काका, रंग उडेल!" पांढरीचा मालक ओरडला.

"अप्पाराव, मडकं घेताना चार ठिकाणी वाजवून घेता, अन् हिला नुसता रंग बघून कुंकू लावता? बुडायचं मला हाय, तुम्हाला नाय!"

"फुटल्या नारळावर माघार? इज्जत काय राहील?"

"मग प्लॉटच," शिवराज म्हणाला. त्याला तेच हवं होतं.

बन्सी हातोडी उगारून ओरडला, "बत्तीस वर्षं लोकांचा माल वाजवला रे! एक वस्तू तरी माझ्यासाठी वाजवू द्या की!"

 होडीबद्दल आजवर एक बरा शब्द न काढलेली आवडाबाई पुढं आली, तिनं नवऱ्याच्या हातातून हातोडी हिसकावली आणि पिवळीकडं गेली. पदर खोचून, नाकापासून शेपटापर्यंत दोन्ही बाजूंनी तिनं ती वाजवली. आवाज सगळीकडं सारखाच खणखणीत होता.

"माझा पण जीव हाय हिच्यात," ती बन्सीपेक्षा जास्त चिडून म्हणाली. "ही पिवळी घ्या. शिवराज, दुसरा नारळ आण. अन् ह्या खेपेला वाजवून आण."