आप्पांनी न दाबलेलं बटण

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच कळत नाही.

पुण्यातल्या काही पोरांनी अंतराळाचा एक गेम केला होता. त्यावर पिच्चर निघणार होता आणि पटकथा माझ्याकडे आली. लई अवघड गेम हो! भरकटलेलं यान, त्यात निजलेली माणसं, त्यांना सांभाळणारं एक बोलकं यंत्र — आणि आपण जे निवडू त्यावर गोष्ट बदलत जाणार. तो खेळल्याशिवाय लिहिणार काय, कप्पाळ? आणि मी तर पहिल्याच वळणावर यान आपटायची.

तेव्हा मी येळ्ळूरला माहेरी होते. माझे वडील, आप्पा, गुंजीकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. रिटायर झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बसून बसून वैतागलेले. ‘आण हिकडं ते,’ म्हणाले आणि रिमोट माझ्या हातातून काढूनच घेतला. तीन आठवडे खेळले! यंत्राला ‘धाकली’ म्हणायचे. ‘धाकले, वाईच दम धर गं.’ थोरलीशी, म्हणजे माझ्याशी, कधी इतक्या मायेनं बोलला नाहीत, म्हणून मी चिडवायचे. मी शेजारी नुसती वही घेऊन.

शेवटी पडद्यावर तांबडा दिवा लागला. यंत्र कायमचं बंद करा, नाहीतर यान फुटेल. इथे सगळेच घाबरून बटण दाबतात. मीही ओरडले, ‘दाबा, आप्पा!’

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ‘तांबडा हाय न्हवं? मग हात लावायचा न्हाय. थांबायचं.’

चहा निवून गेला तरी ते हलले नाहीत. आणि दिवा आपसूक हिरवा झाला! धाकलीनं सगळ्यांना सुखरूप उतरवलं. आप्पांनी डोळे पुसले. मी — मी भराभर लिहून घेत होते.

पिच्चर तोच शेवट घेऊन निघाला. बेळगावच्या पहिल्या खेळाला त्या पोरांनी माइकवर विचारलं, ‘हा शेवट आम्ही लपवला होता. कुणालाच सापडला नव्हता. तुम्हाला कसा सापडला?’ आप्पा समोरच बसले होते, काठी धरून, नवा शर्ट घालून. किती सोपं होतं हो सांगणं? मी म्हणाले, ‘मीच थांबून बघितलं.’

टाळ्या पडल्या. आप्पांनीही वाजवल्या.

आप्पांचं नाव घेतलं तर, मग हिनं काय केलं, असं लोक म्हणतील — हीच भीती होती. दुसरं काही नाही.

बाहेर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘आप्पा, तुम्हीबी खेळलायसा काय हो ते?’

‘छे गं! मला काय कळतंय त्यातलं? समदं पोरीचंच,’ म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले.

गेल्या रविवारी गेलते येळ्ळूरला. जेवता जेवता विचारलं त्यांनी, ‘धाकली बरी हाय न्हवं?’

मी व्हय म्हणाले, आणि त्यांना भात वाढला.