बाळ घंटा बघून येत नाही

विलासचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडला हातगाडीपाशी मेथीची जुडी बघत होते. "मंदाताई, आपली कुसुमताई गेली," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. भाजीवाली विचारत होती, "घेता ना बाई?" मी मान हलवली, जुडी घेतली आणि घरी येऊन ती निवडत बसले. दुपारपर्यंत नुसती निवडत होते... या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

कुसुम भालेराव सायखेड्याच्या ख्रिस्ती शाळामास्तरांची थोरली मुलगी, विलास तिचा धाकटा भाऊ. मी निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. नाशिकच्या नर्सिंग हॉस्टेलात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या, मैत्रीला तेवढं कारण पुरलं. पहिल्यांदा बाळंतपण बघितलं तेव्हा कुसुम चक्कर येऊन पडली होती. आम्ही सगळ्या हसलो. दुसऱ्या दिवशी ती मेट्रनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला त्याच वॉर्डात ड्यूटी द्या." मेट्रनने विचारलं, "परत पडलीस तर?" ही म्हणाली, "तर परत उठेन." आयुष्यभर ती अशीच वागली.

पुढे मी सरकारी नोकरीत लागले आणि ती करारावर टांझानियातल्या एका मिशन दवाखान्यात गेली. तो दवाखाना डोंगरावर होता, संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या सिस्टरांच्या मठाला लागून. करार संपल्यावर परत आली ती हे सांगायलाच, की मला त्या मठात जायचंय. मी तेव्हा सायखेड्यात त्यांच्या ओट्यावरच बसले होते. मास्तर शाळेत शुद्ध बोलत, पण मन हललं की गावाची बोली तोंडात येई. "आगं, सिस्टर व्हायचं तर हो की. नाशकात काय मठ नाय? आफ्रिका लय लांब हाय, पोरी." कुसुम त्यांच्या पायाशी बसली. बाकीच्या सिस्टरांची बदली होते, तशी या सिस्टरांची होत नाही, तिने समजावलं. ज्या घरात शपथ घ्यायची त्याच घरात राबायचं, प्रार्थना करायची आणि मरायचं. "अप्पा, पोरगी लग्न करून जाते तेव्हा परत येणार नाही हे धरूनच देता ना तुम्ही?" मास्तर उठले आणि आत जाऊन स्वतःची जाड शाल घेऊन आले. डोंगरावर थंडी असेल, म्हणाले.

काही वर्षांनी एकदा ती सुट्टीवर आली की आमच्याकडे दोन दिवस राहायचीच. तिकडच्या भाषेची गंमत सांगायची. "मंदे, तिकडं बहिणीला दादा म्हणतात आणि भावाला काका. मी तिथं सगळ्यांची दादा!" माझी मुलं तिला 'दादा मावशी' म्हणायला लागली. पण तिकडे तिचे दिवस काही गमतीत जात नव्हते. मठात पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरल्या वेळी घंटा व्हायची, आणि घंटा झाली की हातातलं काम टाकून प्रार्थनेला जायचं हा नियम. कुसुम बाळंतिणींच्या खोलीत. घंटा झाली तरी ती जायची नाही. दवाखान्याच्या वडीलधाऱ्या सिस्टरने तक्रार केली आणि मठाची सभा बसली. त्या नियमाची एक गोष्ट मला फार आवडली, सगळ्यांत नवख्या सिस्टरचंही मत विचारायचं. मठाच्या प्रमुख मदरने कुसुमला विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "मदर, बाळ घंटा बघून येत नाही. मी प्रार्थना चुकवत नाही, फक्त गुडघे टेकायची जागा बदलते." त्या दिवसापासून बाळंतपणाच्या ड्यूटीवरच्या सिस्टरने जागेवरच प्रार्थना करावी असं ठरलं. तक्रार करणाऱ्या सिस्टरने तिच्याशी बरेच महिने अबोला धरला. कुसुम रोज तिला गुड मॉर्निंग म्हणायची. उत्तर येईपर्यंत म्हणत राहिली.

तिचं खरं काम त्यानंतरचं. दूरच्या वस्त्यांवरून बाया कळा सुरू झाल्यावर चालत निघायच्या. काही वाटेतच बाळंत व्हायच्या, काही पोचायच्याच नाहीत. अशीच एक मुलगी दवाखान्याच्या फाटकाच्या अलीकडेच दगावली. बायकांना दिवस भरत आले की आधीच येऊन राहता यावं, म्हणून दवाखान्याशेजारी एक घर हवं, असं तिने मनावर घेतलं. पाहुणा आला तर देवच आला असं समजायचं, हेही नियमातच होतं. मग पोटुशी बाई पाहुणी नाही का? मदरला हे पटलं. सिस्टरांनी स्वतः माती तुडवून विटा पाडल्या. म्हाताऱ्या सिस्टरांनी पाणी वाहिलं. भाजायच्या आधीच अवकाळी पावसाने सगळ्या विटांचा चिखल केला. "काय केलंस मग?" मी विचारलं. माझ्याकडे असं बघितलं तिने, की हा काय प्रश्न झाला! "काय करणार? तोच चिखल परत साच्यात घातला."

दोन वर्षांपूर्वी कळलं की कुसुमला कॅन्सर झालाय आणि तो हाडांत उतरलाय. तिला घेऊन यायचंच असं ठरवून विलास आणि मी गेलो. काठी टेकत ती फाटकापर्यंत आली होती. ते घर मी बघितलं. पाच-सहा बाया ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. आतल्या खोलीत कुसुमने तयार केलेली आगाता नावाची तरुण सिस्टर एका बाईला धीर देत होती. सगळं त्यांच्या भाषेत चाललेलं, आणि मधेच स्पष्ट ऐकू आलं, "जोर लाव! जोर लाव!" मी चमकून बघितलं. कुसुम लाजली. "प्रार्थना त्यांच्या भाषेत जमते गं, ओरडताना मराठीच येतं तोंडात. त्या पोरीला वाटतं तो नर्सिंगमधला शब्द आहे."

जेवण झाल्यावर विलासने विषय काढला. "ताई, नाशकात आता सगळे उपचार होतात. हक्काचं घर आहे. तुझी भावजय करेल सगळं. चल."

"विलास, शपथ घेताना मी 'तब्येत बरी असेपर्यंत' असं म्हटलं नव्हतं."

तो चिडला, रडला. मी नर्स म्हणून जेवढं समजावता येईल तेवढं समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विलासचा हात धरून म्हणाली, "तू सायखेड्याचं बोल. काहीही बोल. इथं मराठी बोलायला कुणी नाही रे... नुसतं कानावर पडू दे." आणि विलास बोलत राहिला... नदीचं पाणी, कांद्याचे भाव, कुणाच्या घरी कुणाचं लग्न. ती डोळे मिटून ऐकत होती. तिला घेऊन जाण्याचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

तिची माती आम्ही मोबाइलवर पाहिली. ढोल वाजत होते, सिस्टर गात होत्या, आणि मागे बायांची रांग, कितीतरी जणींच्या पाठीला पोरं बांधलेली. विलास म्हणाला, "तिला इकडे आणलं नाही ते बरं झालं, मंदाताई. एवढी माणसं इथं कुठून आणली असती?"

नोकरीची शेवटची वर्षं मी हरसूलच्या बाजूला, आदिवासी भागात काढली. पाड्यावरच्या बाया दवाखान्यात कशा आणि केव्हा पोचतात ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मी तिथल्या जुन्या सहकारी नर्सबाईंना गाठलं. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या झाडल्या, सारवल्या, खाटा टाकल्या. पाड्यांवर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला सांगून ठेवलं, दिवस भरत आलेल्या बायांना इथे पाठव म्हणून. पहिले काही दिवस कुणीच आलं नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र एक मुलगी आली, नववा लागलेली, बरोबर सासू. सासूने उंबऱ्यातूनच खोलीवर नजर फिरवली. "माझी सगळी घरीच झाली. परक्याच्या घरात कशाला ऱ्हायाचं? चल गं."

"तुम्हीही राहा की," मी म्हटलं.

"अन् घरी ढोरं कोन बघंल?"

मुलगी आत गेली, खाटेवर गाठोडं ठेवलं, त्याच्याशेजारी नीट मांडी घालून बसली.

"तू जा, आत्या," ती सासूला म्हणाली. "मी पोर घेऊनच येन."

सासूने पिशवीतली नागलीची भाकरी काढून सुनेच्या हातात दिली आणि बाजाराच्या वाटेला लागली. मी चहाचं आधण ठेवलं.